अडीच प्रार्थना

आभार मानणं हा काही माझा स्वभाव नव्हे. गावात कुणालाही विचारा, इदालिना कशी आहे म्हणून. तोंडाळ आहे असंच सांगतील, आणि खोटं सांगणार नाहीत. लिस्बनहून मोडक्या सर्फच्या फळ्या दुरुस्तीला घेऊन येणारी धिप्पाड पोरंसुद्धा फळी माझ्या दाराला टेकवतात, दोन पावलं मागं सरकतात आणि मग बोलतात. पण मागच्या ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारपासून मला एक नवीन खोड जडली आहे. सकाळी जाग आली की मी आधी डावा खांदा हलवून बघते, मग पायाची बोटं, मग खिडकीतून समुद्र, आणि ज्याचे त्याचे आभार मानते. एक्कावन्नाव्या वर्षी मला ही बुद्धी झाली.

गोष्ट त्या रविवारची आहे आणि चूक सर्वस्वी माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी इतरांनाही बोल लावीन, ते मनावर घेऊ नका.

आमच्या गावापुढच्या किनाऱ्याचं नाव बिगोर्ना, म्हणजे ऐरण. दोन्ही अंगांना काळ्या खडकाचे उभे कडे, मध्ये अर्धा मैल वाळू. लाट थेट खोल पाण्यातून येते. वाटेत तिला अडवायला ना बेट, ना खडक. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, त्याला ती ठेचकाळते, एकदम उभी राहते आणि घण पडावा तशी आदळते. हिवाळ्यात तिच्या आवाजापुढं चर्चमधलं प्रवचन ऐकू येत नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. चांगल्या दिवशी, पाणी पुरेसं असेल तर, तीच लाट कोसळता कोसळता आतून पोकळ होते, आणि त्या हिरव्या पोकळीत फळीवर उभं राहून चार सेकंद जाता येतं. त्या चार सेकंदांपायी मी बत्तीस वर्षं अंग मोडून घेत आले आहे. लग्न करायचं राहूनच गेलं.

मात्र पाणी पुरेसं हवं. ओहोटी पुरी लागली की त्या दांड्यावर गुडघाभर पाणी उरतं, आणि मोठी लाट सरळ वाळूवर फुटते. म्हणून पाण्यातून बाहेर पडायचं ते त्याआधी तासभर. उशीर झाला तर पलीकडं तुम्ही, अलीकडं गाव आणि मध्ये ती लाट, अशी गत होते.

माझे बाबा, बेल्मिरो, याच किनाऱ्यावर काठचे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, होते. होड्या होत्या तेव्हा एक तांडेल होडीत असे आणि दुसरा काठावर, आणि मान मोठा काठच्याचा. होडी जाळं टाकून परत आली की दांड्याच्या बाहेर वल्ही आडवी धरून थांबायची. पाण्यातल्या माणसाला पुढची एक लाट दिसते; कड्यावरच्याला मागच्या दहा दिसतात. समुद्र चार-पाच मोठ्या लाटांची खेप पाठवतो आणि मग उसंत घेतो. ती उसंत कधी येणार आणि किती टिकणार, हे काठच्या तांडेलानं ओळखायचं. त्यानं कोट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला की थांबा. कोट खाली टाकला की या, आणि मागं बघू नका. कारण मागं बघणाऱ्याचं वल्हं चुकतं.

उसंत मोजायला घड्याळ कुणाकडं होतं? 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना बाबा एका ठरलेल्या चालीनं मनात म्हणत. होडीला दांडा ओलांडायला दीड प्रार्थना लागते, हे त्यांचं माप. बावीस वर्षांत त्यांनी एक वल्हं गमावलं, माणूस एकही नाही. मग मासे कमी झाले, जवान माणसं फ्रान्सला गेली, आणि शेवटची होडी नगरपालिकेनं चौकात ठेवून तिच्यात फुलझाडं लावली. बाबा तेव्हापासून चौकातून जात नाहीत, मागच्या गल्लीतून वळसा घालतात.

मी एकोणीस वर्षांची असताना एका जर्मन प्रवाशाकडून जुनी पिवळी पडलेली फळी घेतली. बदल्यात दोन पोती बटाटे आणि बाबांचा लोकरी स्वेटर दिला. स्वेटरची गोष्ट त्यांना तिसऱ्या दिवशी कळली आणि मी फळी घेऊन पाण्यात उतरले हे त्याच दिवशी. त्या संध्याकाळी आदोझिंडाच्या कॉफीच्या दुकानात, भरल्या बैठकीत, ते म्हणाले की समुद्र ही कामाची जागा आहे. तिथं खेळायला जाणाऱ्याकडं मी ढुंकून बघणार नाही, मग ती माझी पोर का असेना. बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी पाण्यातून परत आले की ते चुलीपुढं बसलेले असायचे, दाराकडं पाठ करून. बटाटे उकडलेत, एवढंच बोलायचे. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, तरी हे काही बदललं नाही. मीही काही कमी नाही. मीही कधी विषय काढला नाही.

आता माझी चूक सांगते. आमच्याकडं भरती-ओहोटीचा छापील तक्ता मिळतो, तो वर्षभर हिवाळी वेळेत असतो. उन्हाळ्यात देशाची घड्याळं तासभर पुढं असतात, म्हणून तक्त्यातल्या आकड्यात एक तास मिळवायचा, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागं येतात, आणि त्या दिवसापासून काही मिळवायचं नसतं. फोनवर हे सगळं आपोआप होतं म्हणे, पण मी फोनवर विश्वास ठेवत नाही. माझा तक्ता कोठीच्या दाराला चिकटवलेला आहे, आणि हिशेब माझ्या डोक्यात.

त्या रविवारी बाबांनी प्रार्थनेला जाण्याआधी स्वयंपाकघरातलं घड्याळ मागं केलं होतं. चर्चच्या घंटेचंही घड्याळ मागं झालं होतं. आदोझिंडाच्या दुकानातलं तेवढं राहिलं होतं, म्हणून मी तिची सगळ्यांसमोर चेष्टा केली, की बाई, तुझ्याकडं अजून उन्हाळा आहे, तर कॉफी थंड का देतेस? मग घरी येऊन तक्ता पाहिला. ओहोटी तीन वाजून दहा मिनिटांनी. सात महिन्यांच्या सवयीनं मी त्यात एक तास मिळवला. चार दहा. म्हणजे तीन दहापर्यंत पाण्यात राहायला हरकत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

एक वाजता मी पाण्यात उतरले. दूर समुद्रात कुठंतरी वादळ झालं होतं, त्याची पहिली मोठी लाट आदल्या दिवशी आमच्याकडं पोचली होती. वारा जमिनीकडून वाहत होता, त्यामुळं प्रत्येक लाटेचा माथा विंचरल्यासारखा मागं उडत होता. माझ्याखेरीज पाण्यात एकटा एव्हारिस्तो होता, आमचा टपालवाला. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पत्रं उशिरा पोचवतो, लाटेवर मात्र वेळेवर असतो.

दोन वाजायच्या सुमारास मला ती लाट मिळाली. मी उभी राहिले, फळी खाली घसरली, आणि डोक्यावरून पाणी असं वाकून पुढं गेलं की मी त्याच्या आत होते आणि मला काहीही करायचं नव्हतं. समोर उजेडाचं एक वाकडं भोक, मागं घरघर. बाहेर फेकली गेले तेव्हा मी मोठ्यानं हसत होते. त्या दिवशी पुढं जे झालं ते होऊनसुद्धा मी त्या लाटेची ऋणी आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अडीचच्या सुमारास एव्हारिस्तो फळीवर बसून किनाऱ्याकडं बघत राहिला. "पाणी उतरलंय गं इदालिना. मी निघतो, तूही चल," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या पत्रांची एवढी घाई कधी केली नाहीस रे. अजून पाऊण तास आहे, जा तू." माझ्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही हे त्याला ठाऊक आहे. दोन खेपांमधली एक बेताची लाट धरून तो निघून गेला. थोड्या वेळानं घंटेचे तीन ठोके पडले, आणि मी मजेत बसून राहिले.

मग क्षितिजावर रेघा उमटल्या. दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या. मी जीव खाऊन बाहेरच्या बाजूला हात मारले, पहिलीवर चढले, दुसरीवर चढले, आणि ती माझ्या मागं जाऊन फुटली तेव्हा तिचा आवाज ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज नव्हता. तो वाळूवर पडल्याचा आवाज होता, कोरडा. मी वळून बघितलं तर लाट निघून गेल्यावर दांड्याची पाठ उघडी दिसत होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तक्ता, घंटा आणि एक तास. मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

भरती येईपर्यंत बाहेर थांबावं, तर तेही शक्य नव्हतं. लाटा वाढत होत्या, आणि पाण्याची ओढ मला हळूहळू उत्तरेच्या कड्याकडं नेत होती. तिथल्या खडकांवर सापडलेलं काही शाबूत निघत नाही. सप्टेंबरनंतर किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. एव्हारिस्तो वाळूवरून हात हलवताना दिसला, मग गावाकडं पळाला; फोन करायला गेला असणार. बंदरातून बचावाची होडी निघाली तरी या समुद्रात तिला यायला तास लागणार होता. माझ्याकडं तासभर नव्हता. अर्धा तास हात मारून ओढीशी झगडता येईल, फार तर. त्या अर्ध्या तासात दांडा ओलांडायचा किंवा खडकांवर जायचं, एवढंच उरलं होतं.

दक्षिणेच्या कड्यावर आमच्या कुमारी माउलीचं पांढरं देवघर आहे, लहानसं चर्चच म्हणा. त्याच्या भिंतीपुढं मला एक माणूस दिसला. लहानसा, काळा. दोन्ही हात वर, आणि हातात कोट.

मला आधी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला राग आला. बत्तीस वर्षं माझ्याकडं पाठ करून बसलेला माणूस आज बरा उगवला, असं वाटलं. फळी म्हणजे काय आठ माणसांची होडी आहे? यांना फळीतलं काय कळतं? तेवढ्यात एक लाट आली, बेताची, सुबक, जरा उजवीकडं उतरती. तीस वर्षांचा माझा अनुभव म्हणाला, ही घे. कड्यावरचा कोट म्हणत होता, थांब. मी अनुभवाचं ऐकलं आणि हात मारले.

ती लाट सुबक होती ती दांड्यापर्यंत. तिथं पोचल्यावर तिच्याखालचं पाणीच संपलं. डावीकडून उजवीकडं ती सगळी एका दमात उलटली, आणि मी फळीसकट हवेत होते आणि मग वाळूत. डावा खांदा आधी लागला. फळी मोडल्याचा आवाज मी पाण्याखाली ऐकला. वर आले, अर्धा श्वास घेतला, आणि तिच्या मागची लाट अंगावर पडली. आणि तिच्या मागची. बाबांनी कोट का धरून ठेवला होता, हे मला त्या दोघींनी समजावून सांगितलं.

खेप संपल्यावर ओढीनं मला उचललं आणि दांड्याच्या फटीतून पुन्हा बाहेर नेऊन सोडलं. पायाला बांधलेल्या दोरीला फळीचा मागचा तुकडा तेवढा उरला होता. मी तो छातीखाली घेतला. डावा हात कोपरापर्यंत काम करत होता, त्याच्यावर नाही. उत्तरेचा कडा आता इतका जवळ आला होता की त्याला चिकटलेले शिंपले दिसत होते.

मी देवघराकडं बघितलं. कोट अजून वर होता, तसाच. एक्क्याऐंशी वर्षांचे हात, आणि ते खाली आले नव्हते.

मग मी थांबले. आयुष्यात एवढी आज्ञाधारक मी कधी नव्हते. एक खेप गेली, तिच्यामागं पाणी सपाट झालं, मला वाटलं हीच वेळ. कोट वर. मी दात आवळून एका हातानं ओढीशी झगडत राहिले. मिनिटभरात नवी खेप आली आणि त्या सपाट पाण्याचा चुराडा करून गेली. पुन्हा एक उसंत आली, पुन्हा कोट वर, पुन्हा तेच. माझे ओठ बधिर झाले होते. लहानपणी मी वाळूवर बायकांबरोबर दोर धरून उभी राहायचे आणि बाहेर थांबलेल्या होडीकडं बघायचे, तेव्हा वाटायचं, ही माणसं एवढी निमूट कशी बसतात. आता मला कळलं. त्यांना त्या समुद्रात भरवशाची एकच गोष्ट दिसत होती, कड्यावरचा तो काळा ठिपका, आणि तो ठिपका माझा बाप होता. मी त्यांना किती कमी ओळखत होते, हे समजायला मला पाण्यात बसावं लागलं. मी फळीच्या तुकड्यावर रडले. पाण्यात ते दिसत नाही, ही एक सोय.

तिसरी खेप फार मोठी होती. शेवटच्या लाटेच्या माथ्यावरून मी खाली घसरले आणि वर बघितलं. कोट खाली गेला होता.

मी पाय मारले, उजवा हात मारला. लाटेवर बसणाऱ्या माणसाला पहिली सवय कसली असेल तर खांद्यावरून मागं बघायची. मागं बघितल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही. दर दोन हातांनी माझी मान आपोआप वळायला निघायची आणि मी ती धरून ठेवायची. येताना मागं बघू नका. दांड्यावर आले तेव्हा पोटाखाली वाळू घासली. तिथंच थांबावंसं वाटलं, थांबले नाही. पलीकडच्या खोलगट पाण्यात उतरले, पाय मारत राहिले. माझ्या मागं पुन्हा गडगडाट झाला, पण तो मागं होता. फेसानं मला ढकललं, आणि मग कंबरभर पाण्यात धावत आलेल्या एव्हारिस्तोनं माझा रबरी सूट मानेपाशी पकडून, मांजराचं पिल्लू उचलावं तसं मला ओढून काढलं. त्याचे आभार मी तिथंच मानले. तो घाबरला, त्याला वाटलं माझ्या डोक्याला मार लागला.

बंदराला फोन करून होडी नको म्हणून सांगायला तो गेला आणि मी देवघराच्या वाटेनं वर चढू लागले. बाबा अर्ध्या पायवाटेपर्यंत खाली आले होते, कठड्याला धरून, नुसत्या सदऱ्यावर. कोट टाकताना त्यांनी एवढा जोर लावला की जमिनीकडचा वारा तो उचलून घेऊन गेला होता. होडी किनाऱ्याला लागली की ते तिला नाळेपासून सुकाणूपर्यंत निरखायचे, कुठं फट तर नाही ना म्हणून. तसंच त्यांनी मला निरखलं.

"खांदा?" त्यांनी विचारलं.

"जागेवर आहे."

"कोट गेला माझा. लग्नातला होता."

माझे दात वाजत होते. आणि स्वभाव जातो कुठं. जीव वाचला नाही तोच मी भांडायला लागले. मी म्हटलं, मधल्या दोन उसंती चांगल्या होत्या, मला एवढा वेळ गारठत का ठेवलंत?

"त्या तुझ्या नव्हत्या," बाबा म्हणाले. "पहिली दोन प्रार्थनांची होती आणि दुसरी जेमतेम तेवढीच. तुला अडीच लागतात. आज फळी अर्धी, हात एक, म्हणून मी साडेतीनची वाट बघत होतो."

"मला अडीच लागतात?"

"आधी पावणेदोनात यायचीस. होडीपेक्षा थोडी हळू. खांदा निखळला त्या हिवाळ्यापासून अडीच."

खांदा निखळल्याचं मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. कोठीच्या शिडीवरून घसरले, थोडं मुरगळलंय, असं सांगून मी दोन महिने हात पदराआड लपवावा तसा स्वेटरात लपवला होता. मी तिथं पायवाटेवर उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिले.

आदोझिंडा टॉवेल आणि घोंगडी घेऊन धापा टाकत पोचली होती. तिनं मला गुंडाळलं आणि सकाळचं उट्टं काढलं. "बघतेस काय अशी? बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या खिडकीपुढून पळत वर जातो, देवघराच्या मागं उभा राहतो, आणि तू वाळूवर आलीस की पळत घरी जातो, तुझ्या आधी चुलीपुढं बसायला. सगळ्या गावाला माहीत आहे. तुला कोण सांगणार? चावतेस तू."

बाबा समुद्राकडं बघत उभे होते. आज ते देवघराच्या मागून पुढं आले होते, सगळ्या गावादेखत, आपला शब्द मोडून. आमच्या गावात शब्द मोडणाऱ्याला पुढं वर्षभर टोमणे खावे लागतात, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मी आज तुमच्यामुळं आहे." मग म्हटलं, की इतकी वर्षं उभे राहिलात, त्याचेही उपकार आहेत, मला माहीत नव्हतं.

त्यांना ते ऐकवेना. ते कठड्याचा गंज नखानं खरवडू लागले. मग म्हणाले, "उपकार राहू देत. एक कर. जाताना सांगत जा. कोठीच्या भिंतीवर फळी दिसली नाही की मला ओळखावं लागतं, आणि मग हा चढ धावत चढावा लागतो. तू तर एकदा पाण्यात गेलीस की गेलीस. आता धावायला होत नाही गं पोरी."

घरी जाऊन आम्ही गरम सूप प्यालो. त्यांनी माझ्या पावात जास्तीचं सॉसेज ठेवलं, मी त्यांना माझी जाड शाल दिली, आणि दोघांनी एकमेकांना खायची घाई केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खांदा बांधला आणि तीन महिने पाणी बंद सांगितलं. बाबांना गावात टोमणे बसले, पण मला वाटलं होतं त्याहून खूप कमी. बरीच माणसं नुसती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढं जायची. चार घरांतून कोट आले. बाबांनी चारही परत पाठवले आणि पाचवा, एव्हारिस्तोच्या वडलांचा, ठेवून घेतला, कारण तो लांब होता आणि दुरून नीट दिसला असता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी समुद्र बेताचा होता आणि ओहोटीला चार तास होते. तक्ता मी दोनदा पाहिला. नवी फळी काखेत घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. बाबा बटाटे सोलत होते. वाक्य सोपं होतं, पण तोंडातून निघेपर्यंत मला घाम फुटला.

"बाबा, मी पाण्यात जाते."

त्यांनी अर्धवट सोललेला बटाटा खाली ठेवला, सुरी पुसली.

"थांब जरा," ते म्हणाले. "बूट घालू दे."